फुलोऱ्याचा दिवस कोण ठरवतो?

गिरगावातल्या चाळींच्या गॅलरीत आणि दादर-परळच्या खिडक्यांच्या जाळीत तुळस, ओवा, गवती चहा, कढीपत्ता, मिरची असं बरंच काही वाढतं. त्यातलं काय कधी खुडायचं, हे कुणी कुणाला शिकवत नाही. गांजाचं झाड घरी लावलं तर ते कधी कापायचं, हा प्रश्न मात्र आज टोरांटोत किंवा बर्लिनमध्ये लोक उघडपणे विचारतात, त्यावर वाद घालतात, पुस्तकं वाचतात. मुंबईत तो विचारणाऱ्याला पहिलं उत्तर शेतीचं नव्हे, कायद्याचं मिळतं.

ते आधी सांगून टाकतो. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम ८ गांजाच्या कुठल्याही झाडाची विनापरवाना लागवड मना करतं. कलम २० मध्ये या लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. एक एकर असो की एक कुंडी, कलम तेच. 'स्वतःपुरतं लावलं होतं' याला वेगळी सवलत नाही. अल्प मात्रा, व्यापारी मात्रा हा जो हिशेब वर्तमानपत्रांत वाचायला मिळतो, तो कापलेल्या मालाचा. उभ्या झाडाला तो लागू होत नाही. म्हणजे झाड कुठल्या दिवशी तयार होतं याच्याशी लागवडीच्या गुन्ह्याचं देणंघेणं नाही. लागवड सिद्ध झाली की गुन्हा पुरा झाला, मग फुलोरा आलेला असो वा नसो.

तरीही हा प्रश्न निकाली निघत नाही. कारण याच कायद्यात 'गांजा' म्हणजे काय हे ठरवताना झाडाचं वय, त्याचा फुलोरा आणि कापणीची घडी आडवाटेनं परत येते. मुंबईत 'झाड तयार झालं होतं का?' हा प्रश्न बाल्कनीत नव्हे, फोर्टातल्या सत्र न्यायालयात आणि उच्च न्यायालयात विचारला जातो. तो तिथे कसा पोहोचला, हे पाहायचं तर आधी झाडाकडे आणि मग सव्वाशे वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याकडे जावं लागतं.

या झाडात नर वेगळा, मादी वेगळी. नराचा पराग वाऱ्यावर जातो. मादीला बी धरायचं असतं. मादीच्या फुलांभोवती आणि लगतच्या छोट्या पानांवर बारीक ग्रंथी असतात, त्यांत राळेसारखा चिकट स्राव साठतो. नशा आणणारं द्रव्य मुख्यतः तिथे असतं. पराग मिळाला की झाड बी भरण्याच्या कामाला लागतं. पराग मिळालाच नाही तर ते फुलावर फूल काढत राहतं आणि राळ वाढत जाते. फुलोरा केव्हा धरायचा हे झाड दिवसाच्या लांबीवरून ठरवतं: रात्री लांबू लागल्या की ते फुलाकडे वळतं. टोरांटोत जूनमधला सगळ्यात मोठा दिवस साडेपंधरा तासांच्या आसपास असतो. मुंबईत तो सव्वातेरा तासांच्या पुढे जात नाही आणि डिसेंबरात अकरा तासांवर येतो. उत्तरेच्या वाणांना आपल्याकडचा उन्हाळाही शरद ऋतूसारखाच वाटावा, अशी ही तफावत आहे. त्यात समुद्रकाठची दमट हवा; दाट फुलोऱ्याला बुरशीसाठी याहून सोयीची जागा नाही. जुन्या मुंबई इलाख्यात गांजाची लागवड कोकणपट्टीत न होता घाटावर, अहमदनगरसारख्या कोरड्या जिल्ह्यांत झाली, यामागे हवामानाचा हात नसेल असं मानणं अवघड आहे. मुंबई ही या मालाची बाजारपेठ होती, शेत नव्हे.

कापणीच्या घडीबद्दल हिंदुस्थानातली सर्वांत तपशीलवार माहिती ज्या कागदांत आहे, ते कागद एका नीतिवादी खासदारामुळे तयार झाले. डब्ल्यू. एस. केन या मद्यपानविरोधी सदस्यानं मार्च १८९३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात गांजाचा प्रश्न उपस्थित केला आणि त्याच वर्षी सरकारनं इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन नेमलं. अध्यक्ष मॅकवर्थ यंग. सात जणांत तीन हिंदी सदस्य. मुंबई इलाख्यातर्फे पंचमहालचे कलेक्टर ऑमनी. कमिशननं ११९३ साक्षी नोंदवल्या आणि निष्कर्ष काढला की माफक सेवनानं सहसा अपाय होत नाही, बंदी घालू नये, कर आणि परवान्यानं आवर घालावा. हा निष्कर्ष सगळ्यांना आठवतो. राजा शशिशेखरेश्वर राय आणि लाला निहालचंद या दोघांनी भिन्न मत नोंदवलं होतं, हे फारसं कुणी सांगत नाही. एकमताचा निवाडा म्हणून या अहवालाचा दाखला देणाऱ्यांनी तेवढी पानं तरी उलटावीत.

मला या अहवालाचं मोल निष्कर्षापेक्षा शेतीच्या नोंदींत वाटतं. त्याआधी १८७७ मध्ये हेमचंद्र केर यांनी बंगालच्या गांजा-लागवडीवर सरकारी अहवाल लिहिला होता आणि १८९३ मध्ये कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातले डेव्हिड प्रेन यांनी दुसरा. राजशाहीकडच्या नौगाव भागात, जो आज बांगलादेशात आहे, गांजाचं पीक सरकारी देखरेखीत घेतलं जाई. तिथे 'पोद्दार' नावाचा जाणकार असे. फुलोरा उमलण्याआधी शेतातून फिरून नर झाडं ओळखायची आणि उपटून टाकायची, एवढंच त्याचं काम. एखादा नर नजरेतून सुटला तर आसपासच्या माद्या बी धरत आणि मालाची किंमत उतरे. यावरूनच कमिशननं व्याख्या केली: बी धरता न आल्यामुळे राळेनं माखलेले, लागवडीतल्या मादी झाडांचे वाळलेले फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा. पानं म्हणजे भांग. झाडापासून वेगळी काढलेली राळ म्हणजे चरस.

तयार झाल्याची खूण काय? केर-प्रेन यांच्या काळच्या शेतकऱ्याकडे भिंग नव्हतं. खालची पानं पिवळी पडून गळू लागणं, शेंड्यांचा रंग हिरव्यावरून तपकिरीकडे झुकणं, बोटाला लागणारा चिकटपणा आणि वास, या त्याच्या खुणा. नौगावात कापणी हिवाळ्याच्या उत्तरार्धात येई. ज्वारीच्या हुरड्यासारखीच ही थोड्या दिवसांची संधी होती: लवकर कापलं तर राळ कमी, उशीर झाला तर फुलोरा वाळून झडायचा. कापणीनंतरचं कामही त्या घडीवर अवलंबून असे. राळ ओलसर असतानाच शेंडे पायांनी तुडवून चपटे केले जात किंवा लाटून गोल केले जात, म्हणजे ती चिकटून राहील. साठवणीत कस उतरत जातो, हेही प्रेनला ठाऊक होतं. नौगावच्या शेतकऱ्यांनी पुढे १९१७ मध्ये चक्क सहकारी संस्था काढली. साखर कारखान्यांच्या महाराष्ट्राला हा प्रकार वाचून गंमत वाटेल.

या ज्ञानात मुंबईचा वाटा शेतीचा नाही, औषधशास्त्राचा आहे. विल्यम डायमॉक हे इथल्या सरकारी औषधभांडाराचे प्रमुख होते. पश्चिम हिंदुस्थानातल्या वनौषधींवर त्यांनी ग्रंथ लिहिला आणि नंतर वॉर्डन व हूपर यांच्यासह 'फार्माकोग्राफिया इंडिका' सिद्ध केला. यातले वॉर्डन हे कलकत्त्याचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक, आणि तेच पुढे हेम्प कमिशनचे सदस्य झाले. म्हणजे बाजारात मिळणाऱ्या मालाचा कस शेतातल्या कापणीशी जोडून पाहणारी माणसं त्या काळी थेट धोरणाच्या टेबलाशी बसत होती.

कायद्याच्या वाटेवर मात्र हे ज्ञान हळूहळू आक्रसत गेलं. १८७८ चा मुंबई अबकारी कायदा हा महसुलाचा कायदा होता. १९३० च्या डेंजरस ड्रग्ज अ‍ॅक्टनं पानं, बारीक देठ आणि फुलोऱ्याचे शेंडे असं सगळं एकाच टोपलीत टाकलं. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, जो आज महाराष्ट्राचा दारूबंदी कायदा आहे, त्याच पठडीतला. मग १९६१ चा संयुक्त राष्ट्रांचा करार आला. त्यात 'कॅनॅबिस' म्हणजे फुलोरा किंवा फळं आलेले शेंडे. शेंड्यांसोबत नसतील तर पानं आणि बिया त्यातून वगळलेल्या. भारतानं हीच व्याख्या १९८५ च्या कायद्यात जवळजवळ जशीच्या तशी उतरवली. भांग वाचली ती या एका वगळणुकीमुळे. राजस्थान-उत्तर प्रदेशात परवाना असलेली भांगेची दुकानं दिसतात ती त्यामुळेच. महाराष्ट्रात मात्र भांगेवर राज्याच्या दारूबंदी कायद्याचा ताबा आहे, त्यामुळे बाबुलनाथाच्या महाशिवरात्रीला किंवा होळीच्या थंडाईला केंद्राचा कायदा लागत नाही म्हणून सगळं माफ, असा समज करून घेऊ नये.

१९८५ हे साल मुंबईकरांच्या आठवणीत वेगळ्या कारणानं आहे. त्या सुमारास शहरात गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, पसरत होतं. पुण्यात १९८६ मध्ये अनिता आणि अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' सुरू केलं ते त्याच संकटातून. गर्दच्या धसक्यात आलेल्या कायद्यानं गांजालाही त्याच जाळ्यात ओढलं, आणि मराठी मध्यमवर्गाच्या मनात दोन्ही एकाच खणात गेले. चर्चा 'वाईट की बरं' एवढ्यावर अडकली. कायद्यानं आखलेल्या रेषा झाडाच्या कुठल्या अवस्थेवर आखल्या आहेत, हे पाहायला कुणी थांबलं नाही.

आणि या रेषा विलक्षण आहेत. एकाच झाडाचं काय घेतलं आणि केव्हा घेतलं, यावर त्याचं कायदेशीर नशीब बदलतं. खोडाचा धागा काढायचा तर कलम १४ खाली सरकारी परवानगीची वाट आहे. उत्तराखंडानं २०१८ मध्ये औद्योगिक हेम्पचा परवाना देऊन ती वापरली. बी पक्व झालं तर ते खाद्य: अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०२१ मध्ये हेम्पच्या बिया आणि त्यांचं तेल अन्न म्हणून मान्य केलं. मुंबईतच २०१३ मध्ये स्थापन झालेली बॉम्बे हेम्प कंपनी याच परवानगीच्या पट्टीत उभी आहे. पान खुडलं तर राज्याचा विषय. शेंडा कापला तर गांजा: एक किलोपर्यंत अल्प मात्रा, शिक्षा एक वर्षापर्यंत, वीस किलोंच्या वर व्यापारी मात्रा, शिक्षा किमान दहा वर्षं. हाच शेंडा उभ्या झाडावर हातानं चोळून राळ काढली, जसं हिमाचलात मलाणा खोऱ्यात काढतात, तर तो चरस: अल्प मात्रा शंभर ग्रॅमवर संपते, व्यापारी मात्रा एका किलोच्या पुढे सुरू होते.

यातली विसंगती अशी की कुंडीतल्या एका उभ्या झाडाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि त्याच झाडाचे वाळलेले शेंडे कुणाच्या डब्यात सापडले, ते किलोच्या आत असले आणि लागवड त्याची असल्याचं सिद्ध झालं नाही, तर एक वर्षापर्यंत. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर डोंगरातली शेतं असणार, गॅलरीतली कुंडी नव्हे. पण कायद्याची अक्षरं कुंडीलाही तशीच लागतात.

लागवड सिद्ध करणं हे मात्र सरकारचं ओझं आहे. उत्तर प्रदेशातल्या एका खटल्यात सुमारे वीस वर्षांपूर्वी सर्वोच्च न्यायालयानं आरोपीला सोडलं, कारण झाडं त्यानंच लावली होती याचा पुरावा नव्हता आणि बी पडून ती आपोआपही उगवू शकतात. हिमालयाच्या पायथ्याला हे पटतं. लालबागच्या तिसऱ्या मजल्यावर, मातीच्या पिशवीत, खतासकट आपोआप उगवलेलं झाड कुठलं न्यायालय मानेल याची शंकाच आहे.

मुंबई उच्च न्यायालयात फुलोऱ्याचा प्रश्न थेट पुढे आला तो जामिनाच्या अर्जांवर. २०२२ मध्ये न्या. भारती डांगरे यांनी एका प्रकरणात व्याख्येवर बोट ठेवलं: गांजा म्हणजे फुलोऱ्याचे किंवा फळांचे शेंडे, जप्त हिरव्या पाल्यात शेंडे असल्याचं दिसत नसेल तर ते सगळं वजन गांजाचं कसं धरायचं? हा मुद्दा तांत्रिक वाटतो, पण त्यावर माणसाचं स्वातंत्र्य टांगलेलं असतं. वीस किलोंची रेषा ओलांडली की कलम ३७ लागतं, आणि आरोपी दोषी नसावा असं मानायला न्यायालयाला सबळ कारण दिसल्याशिवाय जामीन मिळत नाही. दुसऱ्या बाजूनं सरकारी वकिलांचा मुद्दाही व्याख्येतच आहे: शेंड्यांसोबत आलेली पानं वगळलेली नाहीत. मग सोबत म्हणजे किती सोबत? एका पोत्यात तळाशी चार शेंडे आणि वर पाला, हे सोबत आहे का?

इथे वजनकाट्याचा घोळ सुरू होतो. धुळे जिल्ह्यात शिरपूरच्या डोंगराळ पट्ट्यात पोलीस वेळोवेळी उभं पीक उपटतात; पश्चिम महाराष्ट्रात उसाच्या आड लावलेली झाडं सापडतात. बातमी येते ती किलो-क्विंटलांत. त्या आकड्यात मूळ, खोड, चिकटलेली माती आणि झाडातलं पाणी असं सगळं असू शकतं. ताजा फुलोरा वाळला की वजनाचा मोठा भाग पाण्याबरोबर निघून जातो. कलिनाच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत नमुना पोहोचतो तेव्हा तो वेगळ्याच अवस्थेत असू शकतो. कलम ५२-अ आणि डिसेंबर २०२२ मध्ये आलेले जप्ती व नमुन्यांचे नियम दंडाधिकाऱ्यांसमोर यादी, छायाचित्रं आणि नमुने घ्यायला सांगतात. पण रासायनिक तपासणी प्रामुख्यानं द्रव्य कोणतं ते सांगते. पंचनाम्यातल्या एकूण वजनात शेंड्यांचा वाटा किती होता, हे तिथेच वेगळं तोलल्याशिवाय नंतर कळत नाही. माझ्या मते शेंडे आणि बाकीचं झाड पंचनाम्याच्या वेळीच वेगवेगळं तोलायला हवं. नौगावच्या पोद्दाराला जो फरक डोळ्यांनी दिसत होता, तो आपल्या पंचनाम्यात एका रकान्यानं दिसू शकतो.

आता बाहेरच्या जगाकडे. दादरहून मुलाकडे टोरांटोला गेलेल्या आजी-आजोबांना ऑक्टोबरात शेजाऱ्याच्या अंगणात पुरुषभर उंचीची झाडं दिसू शकतात. तिथे १७ ऑक्टोबर २०१८ पासून घरटी चार झाडं लावता येतात. क्युबेकनं मात्र घरच्या लागवडीवर बंदी ठेवली आणि २०२३ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं ती ग्राह्य धरली. अमेरिकेत मराठी वस्ती दाट असलेल्या न्यू जर्सीत दुकानातून गांजा विकत घेता येतो, पण घरी एकही रोप लावणं गुन्हा आहे. नदीपलीकडच्या न्यूयॉर्कमध्ये ते चालतं.

जिथे चालतं तिथले लोक कापणीची घडी भिंगातून ठरवतात. फुलावरच्या ग्रंथी आधी पारदर्शक असतात, मग दुधी होतात, मग पिंगट. दुधी म्हणजे कस भरला, पिंगट म्हणजे उतरू लागला, असा प्रघात. फुलातले पांढरे तंतू तपकिरी होणं ही दुसरी, ढोबळ खूण. हा प्रघात चुकीचा नाही, पण त्याच्याभोवती बरीच लोककथा वाढली आहे. पिंगट झालं की नशा 'अंग जड करणारी' होते, हे ठामपणे सांगितलं जातं. त्याला भक्कम आधार नाही. मुख्य द्रव्याची झीज हवा, उजेड आणि वेळ यांनी होते, आणि त्यातला मोठा भाग कापणीनंतर, साठवणीत. शिवाय एकाच झाडावर वरचे शेंडे आधी पिकतात, खालचे नंतर. टोरांटोत बहुतेकदा शेवटचा निर्णय भिंग घेत नाही. पहिलं गोठलेलं दव आणि बुरशी घेतात.

आणि तिथेही कायदा कापणीत डोकावतोच. जर्मनीनं १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणसाला तीन झाडं लावू दिली, पण घरात वाळलेला माल ५० ग्रॅमपर्यंतच ठेवता येतो. उघड्यावर नीट वाढलेलं एकच झाड याहून जास्त देतं. म्हणजे झाड उभं आहे तोवर कायदेशीर, आणि कापून वाळवलं की वरचा माल नष्ट करायचा. आपल्याकडच्या विसंगतीची ही उलटी आवृत्ती. अमेरिकेत औद्योगिक हेम्पच्या शेतकऱ्याला सरकारी नमुना घेतल्यापासून तीस दिवसांत कापणी उरकावी लागते, कारण झाड पिकत गेलं की नशेचं द्रव्य ०.३ टक्क्यांची मर्यादा ओलांडू शकतं आणि सगळं पीक मोडावं लागू शकतं. थायलंडनं २०२२ मध्ये झाड मोकळं केलं, २०२५ मध्ये पुन्हा आवळलं. आणि आवळताना बोट नेमकं फुलावर ठेवलं, ते आता डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही.

थायलंडच्या त्या मोकळिकीचा धक्का मुंबईला बसला तो सहारच्या विमानतळावर. गेल्या काही वर्षांत बँकॉकहून येणाऱ्या सामानात कस्टम्सला 'हायड्रो' सापडणं नित्याचं झालं आहे: दिव्यांखाली, मातीविना वाढवलेला, बिनबियांचा फुलोरा. त्याची कापणी कुणी, कधी केली हे इथल्या तपासात फारसं महत्त्वाचं नसतं. तिथे शेंड्यांचा वादही उभा राहत नाही, कारण पिशवीत शेंड्यांखेरीज काही नसतंच. वाद राहतो तो हातावर पोट असलेल्या माणसाच्या पोत्याबद्दल, ज्यात पाला, देठ, बी, शेंडे असं सगळं कोंबलेलं असतं. व्याख्येचा नेमकेपणा त्याच्याच खटल्यात सगळ्यात जास्त लागतो, आणि पंचनाम्यात नेमका तिथेच 'हिरवट रंगाचा, उग्र वासाचा पाला' एवढा एकच शेरा असतो.